नैवाशाला हिप्पो बघायला जाताय? मग एवढं वाचून जा

केनियाची टूर बुक केली की सगळ्यांच्या तोंडी सिंह नाहीतर चित्ता, हिप्पोचं कुणाला काही पडलेलं नसतं. आणि मग नैवाशा लेकवर बोटीत बसलं की "भैया, और पास लो ना, फोटो नीट येत नाहीये" असं म्हणणारे हमखास आपलेच! तो बोटवाला लांब थांबतोय तर त्याला थांबू द्या. हिप्पो गवत खातो, रात्रभर चरून साधारण 40 किलो, पण माणसावर धावून यायला त्याला भूक लागावी लागत नाही.

त्याचं भांडण असतं जागेवरून, हे एकदा कळलं की बाकी सोपं आहे. काठालगतच्या पाण्याचा एकेक पट्टा एकेका दांडग्या नराच्या ताब्यात असतो, त्यात माद्या, पिल्लं आणि मान खाली घालून राहणारे बाकीचे नरसुद्धा चालतात, पण कुणी शहाणपणा केला की दातच निघतात. आणि ही मालकी फक्त पाण्यातली बरं का, रात्री चरायला वर आले की हद्दबिद्द काही नाही, ज्याचा तो एकटा चरतो, पिल्लू तेवढं आईबरोबर. दिवसा वीस-तीस जण अंगाला अंग लावून पडलेले दिसतात म्हणून हत्तींसारखं घट्ट कुटुंब असेल असं वाटतं, पण खरं नातं आई-पिल्लाचंच.

आता खुणा. तुमच्याकडे तोंड करून आ वासला तर तो झोपाळलेला नाहीये, दम देतोय. जबडा जवळजवळ 150 अंशात उघडतो, सुळे अर्ध्या मीटरपर्यंत असतात, आणि लोक नेमका तेव्हाच कॅमेरा काढतात! शेपूट फटाफट हलवून शेण चहूकडे उडवणं हाही निरोपच. मोझांबिकच्या मापुतो रिझर्व्हमध्ये संशोधकांनी हिप्पोंना रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवले होते (2022 मध्ये छापून आलं), शेजाऱ्याचा आवाज आला तर फारसं काही नाही पण परक्याचा आला की जोरात उत्तर आणि वर शेण उडवणं. म्हणजे शेजारी कोण आणि उपरा कोण हे आवाजावरून कळतं त्यांना. आपण तर कायमचेच उपरे.

सगळ्यात वाईट खूण म्हणजे दिसत होता तो दिसेनासा होणं. पाच मिनिटं सहज पाण्याखाली राहतो, तळावरून चालत येतो, वर फक्त बुडबुड्यांची रेघ किंवा एक फुगलेली लाट सरकताना दिसते. ती आपल्याकडे येत असेल तर बोटवाल्याला लगेच सांगा. नायजरमध्ये नियामेजवळ 2014 साली हिप्पोने शाळकरी मुलांची बोट उलटवली, 12 मुलं आणि एक मोठा माणूस गेला.

झांबेझी नदीवर कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवणारे गाइड खोल पाणी हिप्पोला सोडतात आणि स्वतः उथळ काठाने जातात, कारण दचकला की तो खोल पाण्याकडेच पळतो. मधूनमधून वल्ह्याने कनूवर टकटक करतात, आपण येतोय हे त्याला आधीच कळावं म्हणून. पिल्लू दिसलं तर अंतर अजून वाढवायचं.

जमिनीवर नियम एकच, हिप्पो आणि पाणी यांच्या मध्ये यायचं नाही. पहाटे आणि संध्याकाळी त्यांच्या येण्याजाण्याच्या मळलेल्या वाटा असतात, तिथे सेल्फी काढत उभं राहू नका. लेककाठच्या कॅम्पवर रात्री रूमपासून जेवायच्या हॉलपर्यंत जायचं असेल तरी आस्करीला, म्हणजे तिथल्या रखवालदाराला बोलवा, टॉर्च घेऊन येतो तो, "दोन मिनिटांचं तर अंतर आहे" हे चालत नाही. कोरड्या दिवसांत डबकी आटतात तेव्हा तर जास्तच जपायचं, टांझानियात कटावी नॅशनल पार्कला ऑक्टोबरच्या सुमारास शेकडो हिप्पो एवढ्याशा चिखलात कोंबलेले असतात आणि नरांच्या मारामाऱ्या चालूच.

आणि अंगावर आलाच तर? तासाला 30 किलोमीटरने धावतो, सरळ रेषेत पळून तुम्ही जिंकणार नाही. त्याच्या पाण्याच्या वाटेतून बाजूला व्हा, जाड झाड नाहीतर मोठं वारूळ गाठा, त्याच्या आड जा, चढता येत असेल तर चढा. बॅग, कॅमेरा राहू दे तिथेच.