एबीएस असलेली गाडी चालवताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात ओंकारेश्वरहून इंदूरला परत येताना भेरूघाटात पुढचा ट्रक वळणावर एकदम थांबला. मी ब्रेकवर जोरात पाय दिला. पेडल पायाखाली खडखडायला लागलं, खालून घरघर ऐकू आली, आणि ब्रेकचं काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय उचलला. तेवढ्यात गाडी पुढे सरकली आणि ट्रकवर आदळली. मागे बसलेल्या आईच्या कपाळाला खोक पडली. तिचा पट्टा लावलेला नव्हता, तोही माझाच हलगर्जीपणा.

ब्रेक धडधाकट होते. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नेमकं आपलं काम करत होतं आणि मी ते मध्येच थांबवलं होतं.

पेडल थरथरलं की पाय काढणे

सर्वांत मोठी चूक हीच. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक जाम होऊ लागलं, की यंत्रणा त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर कमी करते आणि लगेच वाढवते, सेकंदात दहा-पंधरा वेळांपर्यंत. तो धक्का उलटा पेडलमध्ये येतो. थरथर जाणवली तर आणखी दाबा आणि गाडी थांबेपर्यंत दाबून ठेवा. दुरुस्तीच्या वेळी मिस्त्री मला म्हणाला, "भैया, दबाकर रखो, छोड़ना नहीं." याहून नेमकं मलाही सांगता येणार नाही.

अँबेसेडर-फियाटवर शिकलेले काका-मामा अजूनही "ब्रेक सोडत-सोडत मार" असं सांगतात. त्यांच्या गाडीसाठी ते बरोबर होतं. एबीएसच्या गाडीत तसं केलं तर थांबायचं अंतर वाढतं.

हे वाचून पायाला सवय होत नाही. पहाटे मोकळी, ओली जागा गाठा, मागेपुढे कुणी नाही हे पाहा, सगळ्यांचे पट्टे लावा, आणि ताशी ३०-४० च्या वेगात एकदा पूर्ण ताकदीने ब्रेक दाबा. घरातल्या नव्या चालकाला तर हे आवर्जून करायला लावा.

ब्रेक दाबून स्टिअरिंग विसरणे

जाम झालेलं चाक वळवलं तरी गाडी सरळच घसरत जाते. एबीएस चाक फिरतं ठेवतं, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळते. त्याचा खरा उपयोग हाच. नजर समोरच्या ट्रकवर न खिळवता मोकळ्या जागेकडे न्या आणि स्टिअरिंग बेताने फिरवा. झटक्यात पूर्ण फिरवलं तर गाडी समोरून येणाऱ्या लेनमध्ये जाईल.

एबीएस आहे म्हणून अंतर कमी ठेवणे

ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपलेलं असतं. पुढे कोरड्या डांबरावर चांगल्या टायरलाही सुमारे २० मीटर लागतात, ओल्यावर बरेच जास्त. टायरची पकड एबीएस वाढवू शकत नाही. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली असेल तर टायर बदलाच.

माळव्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. सोयाबीन निघतं तेव्हा ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते, आणि एक सर पडली की रस्ता साबणासारखा होतो. रुंदीकरणाच्या कामात पसरलेली गिट्टी वेगळाच त्रास देते. जाम चाक गिट्टीत रुतून पुढे ढीग साचवतं आणि त्याने गाडी अडते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणून तिथे गाडी उलट जास्त लांब जाऊन थांबू शकते. अशा पट्ट्यात आधीच वेग उतरवा.

घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवू नका. तापलेल्या ब्रेकला एबीएस वाचवत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.

बाइकवाल्यांसाठी

नव्या कारप्रमाणे १२५ सीसीवरच्या नव्या बाइकलाही २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, पण अनेक बाइकमध्ये ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक जाम होऊ शकतं. "पुढचा ब्रेक लावू नको, पलटी खाशील" हा घरचा सल्ला इथे सोडा आणि दोन्ही ब्रेक लावा. वळणात बाइक कललेली असेल तर मात्र साधं एबीएस घसरणं थांबवेलच असं नाही.

दिवा लागून राहिला तर

चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो, बाइकमध्ये थोडं चालल्यावर. तो विझला नाही, तर साधे ब्रेक लागतात पण एबीएस बंद असतं. बरेचदा सेन्सरवर चिखल बसलेला असतो किंवा त्याची वायर तुटलेली असते. मोठा खर्च ऐकून घाबरण्याआधी गॅरेजवाल्याला तेच आधी तपासायला सांगा. वेगळ्या मापाची स्टेपनी लावली तरीही हा दिवा लागू शकतो.

सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर हँडब्रेक ओढलेला राहिला नाही ना ते पाहा. नसेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मिस्त्रीला गाडीपाशी बोलवा.