कॉलेजच्या लायब्ररीची आकडेवारी : काय मोजायचं, कसं मोजायचं आणि मोजून काय करायचं

तालुक्याच्या कॉलेजात लायब्ररीची आकडेवारी आठवते ती नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) टीम येणार म्हटल्यावर. मग गेटचं रजिस्टर शोधायला लागतं, मधल्या दोन-तीन महिन्यांची पानं कोरी निघतात आणि ती भरायला कुणाला तरी बसवलं जातं. अशानं फाइल जाड होते, पण रीडिंग रूम किती वाजता उघडायची किंवा यंदाचा खरेदीचा पैसा कोणत्या विषयावर घालायचा, हे त्यातून कळत नाही. खालची पद्धत अमरावती, गोंडवाना किंवा नागपूर विद्यापीठाशी संलग्न अशा कॉलेजासाठी आहे, जिथं एक ग्रंथपाल आणि एक अटेंडंट एवढंच मनुष्यबळ असतं.

आधी निर्णय ठरवा, मग मोजणी

कोऱ्या कागदावर यंदा तुमच्या हातात असलेले दोन-तीन निर्णय लिहा. उदाहरणार्थ, वेळ बदलायची का, कोणत्या विषयाच्या जादा प्रती घ्यायच्या, कोणतं मासिक बंद करायचं. ज्या आकड्याचा यातल्या एकाही निर्णयाशी संबंध नाही, तो यंदा सोडून द्या. ग्रंथालयांची कामगिरी मोजण्यासाठी आयएसओ ११६२० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात निर्देशकांची, म्हणजे कामगिरी दाखवणाऱ्या मोजमापांची, मोठी यादी आहे. ती जरूर चाळा, पण चार निर्देशक वर्षभर नीट सांभाळले तरी पुष्कळ झालं.

गेटचं रजिस्टर

कोणत्याही रजिस्टरचं मधलं पान उघडून बघा. एकाच अक्षरात चार नावं, वेळेच्या रकान्यात खालपर्यंत ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा, आणि बाहेर जायची वेळ कुणीच लिहिलेली नाही. मुलं घाईत असतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. रकाने कमी करा : नाव, वर्ग, आत आल्याची वेळ आणि गाव. गावाचा रकाना जादा वाटेल, पण आपल्याकडे अर्धं कॉलेज एसटीनं येतं आणि कोण किती वाजेपर्यंत थांबू शकतं, हे गावावरून ठरतं.

जोडीला अटेंडंटनं दिवसातून चार वेळा, म्हणजे १०, १२, २ आणि ४ वाजता, रीडिंग रूममधली डोकी मोजून भिंतीवरच्या तक्त्यात लिहायची. दोन मिनिटांचं काम आहे. रजिस्टर फुगवता येतं. खुर्च्यांवर बसलेली माणसं फुगवता येत नाहीत. दोन्हींत फार तफावत दिसली तर तक्त्यावर विश्वास ठेवा.

शेऱ्याचा एक रकाना हवाच. पोळा, नाल्याला पूर, दिवसभर लाइन नव्हती, एसटी बंद, कापूस वेचणी सुरू, हिवाळी परीक्षा. वर्षानं मागं वळून बघताना ऑक्टोबरात मुलं का घटली, याचं उत्तर याच रकान्यात सापडतं. तो नसेल तर प्राचार्य ‘वाचनाची आवड कमी झाली’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

टेबलावरची पुस्तकं

घरी नेलेली पुस्तकं सोल, कोहा, लिबमॅन, जे सॉफ्टवेअर असेल ते मोजतंच. पण स्पर्धा परीक्षेची मुलं पुस्तकं घरी कमी नेतात आणि जागेवर बसून जास्त वाचतात. त्यासाठी ‘वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच ठेवा’ अशी पाटी लावा आणि संध्याकाळी पुस्तकं रॅकला लावण्याआधी विषयवार मोजा. रोज जमणार नाही. दर महिन्यात एक आठवडा पुरे, मात्र तो आधीच ठरवून टाका. गर्दीचा आठवडा बघून निवडला तर मोजणीला अर्थ राहत नाही.

‘नाही मिळालं’ वही

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. काउंटरवर दोनशे पानी वही ठेवा. विद्यार्थी येतो, विचारतो, ‘सर, समाजशास्त्राचं नोट्सवालं पुस्तक हाये का?’ आणि हात हलवत परत जातो. सॉफ्टवेअरमध्ये या मुलाची नोंद कुठंच होत नाही. गेटवर तो ‘लायब्ररी वापरणारा’ म्हणून मोजला जातो, म्हणजे त्याच्या निराशेनं आपला आकडा वाढतो!

वहीत तारीख, वर्ग, काय मागितलं आणि का मिळालं नाही एवढंच लिहा. कारणं चारच ठेवा : आपल्याकडे नाही, आहे पण सगळ्या प्रती बाहेर, नोंदीत आहे पण रॅकवर नाही, मुलाला नाव नीट सांगता आलं नाही. प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. पहिल्यावर खरेदी, दुसऱ्यावर जादा प्रती किंवा परतीची मुदत कमी करणं. तिसऱ्यासाठी रॅक लावून घेणं, याला पैसा लागत नाही. चौथं वारंवार दिसलं तर प्रथम वर्षाच्या मुलांना ऑगस्टमध्ये एक तास लायब्ररी दाखवायला आणा. बऱ्याच ठिकाणी मोठा आकडा तिसऱ्या कारणाचा असतो आणि मागणी मात्र नव्या खरेदीची होत राहते.

दाखल रजिस्टरातून नमुना

दाखल रजिस्टर म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंद होते ते रजिस्टर. सगळा साठा तपासायला महिना जातो. नमुना दोन दिवसांत होतो. समजा १८,००० पुस्तकं आहेत. १ ते ९० मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा आणि तिथून दर नव्वदावा दाखल क्रमांक घ्या. २०० पुस्तकं होतात. प्रत्येक पुस्तक जागेवर आहे का, ते बघा आणि मागची डेट स्लिप वाचा. शेवटचा शिक्का कधीचा? बारकोडवर देवाणघेवाण होत असेल तर शिक्के नसतील, मग सॉफ्टवेअरमधला इतिहास बघा. २०० पैकी १४ जागेवर किंवा बाहेर कुठंच सापडली नाहीत, तर साठ्यातली सुमारे ७ टक्के पुस्तकं बेपत्ता असावीत असा अंदाज निघतो.

पाच वर्षांत शिक्का न पडलेलं पुस्तक लगेच बाद करू नका. जुन्या अभ्यासक्रमाच्या गाइडांचा विचार करायला हरकत नाही. पण जिल्हा गॅझेटियर, गोंडी-कोरकूवरची पुस्तकं, गावातल्या कवीनं भेट दिलेला संग्रह, यांचा वापर आकड्यावर तोलू नये. ही दुसरीकडे सहज मिळणारही नाहीत.

ई-साधनं

इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टचे (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्स पुरवणाऱ्या योजनेचे) सभासद असाल तर ‘किती जणांना लॉगिन दिलं’ आणि ‘या महिन्यात किती जणांनी उघडलं’ हे वेगळे लिहा. पहिलाच आकडा अहवालात मिरवायची सवय आहे, कामाचा दुसरा. मोठा फरक दिसला तर पासवर्ड विसरले का, मोबाइलवर उघडतं का, हे दहा मुलांना विचारा.

हिशोब

नॅकच्या आधीच्या आराखड्यात रोजच्या वापराची टक्केवारी विचारली जायची : रोज लायब्ररी वापरणारे विद्यार्थी व शिक्षक भागिले एकूण विद्यार्थी व शिक्षक, गुणिले १००. समजा एकूण १,१३० आणि रोज सरासरी ८५, तर साडेसात टक्के. मोजणी कोणत्या पद्धतीनं केली, हेही मागायचे. म्हणून कामाचे दिवस कोणते धरले, सुट्टीतली अभ्यासिका मोजली की नाही, हे रजिस्टरच्या पहिल्या पानावर जूनमध्येच लिहून ठेवा आणि वर्षात बदलू नका.

स्वतःच्या निर्णयासाठी मात्र सरासरीवर विसंबू नका. सात दिवसांचे आकडे २२, ३१, ३५, ३८, ४०, ४४ आणि परीक्षा-फॉर्मच्या दिवशी २१० असतील, तर सरासरी ६० येते. प्रत्यक्षात सातपैकी सहा दिवस ४४ च्या वर कुणी आलेलं नाही. चढत्या क्रमानं मांडून मधला आकडा घ्या, ३८. खुर्च्या किती लागतील ते यावरून ठरवा, परीक्षेच्या काळाचा हिशोब वेगळा करा.

आकडे घेऊन समितीपुढे

ग्रंथालय समितीपुढे एकच पान न्या. वर निर्णय, खाली त्याला लागणारे दोन-तीन आकडे. ‘चार वाजता रीडिंग रूममध्ये सहाच मुलं, कारण बाहेरगावची मुलं साडेतीनच्या गाडीनं जातात, दहाच्या मोजणीला मात्र बसायला जागा नसते. म्हणून संध्याकाळचा एक तास कमी करून सकाळी नऊला उघडावं.’ असं मांडलं की चर्चा आवडीनिवडीवर जात नाही. मासिकांचंही तसंच : वर्षाला २,५०० रुपयांचं नियतकालिक पाचदा हाताळलं गेलं, तर एका वापराला ५०० रुपये पडले. हे विभागप्रमुखांना आधी खासगीत सांगा, बैठकीत एकदम नको.

कोणत्या मुलानं काय वाचलं, हे कुठल्याही अहवालात येऊ देऊ नका, फक्त संख्या द्या. वर्गवार टार्गेटही लावू नका, नाहीतर रजिस्टर आपोआप भरायला लागतं.

पान समितीपुढे न्यायची वेळ उन्हाळी परीक्षा संपल्यावर, खरेदीच्या याद्या मागवण्याआधीची. बदल ठरला की पुढच्या वर्षी तीच मोजणी त्याच वेळांना करा. नऊला उघडूनही दहाच्या मोजणीत फरक पडला नसेल, तर गाडीचं वेळापत्रक पुन्हा बघावं लागेल. भरलेली रजिस्टरं आणि ‘नाही मिळालं’ वह्या रद्दीत देऊ नका. नॅकला बरीच माहिती मागच्या काही वर्षांची लागते.