गोष्ट न फोडता सिनेमा कसा सुचवावा

दोन वर्षांपूर्वी चवथीला घरात सगळे जमले होते. जेवणं आटोपल्यावर सिनेमा लावायचं ठरलं आणि मी सासूबाईंना म्हटलं, "आई, शेवटी रुमाल जवळ ठेवा हां." झालं! आता कोण जाणार, या धास्तीनं त्या दोन तास बसून राहिल्या. पोराच्या खोड्यांना सगळं घर हसलं, त्या हसल्या नाहीत. त्यांचा सिनेमा मी हिरावून घेतला, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून पहिली गोष्ट, शेवटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. 'रडशील', 'धक्का बसेल', 'शेवट चुकवू नको' हेसुद्धा नाही. कुणी विचारलंच, "शेवट गोड आहे ना?" तर "बघ आणि तूच मला सांग," एवढं पुरे.

जत्रेतल्या नाटकाची कथा अख्ख्या गावाला पाठ असते, तरी आम्ही पहाटेपर्यंत डोळे पुसतो. पण तिथे आपण ओळखीच्या गोष्टीला पुन्हा भेटायला जातो. सिनेमाची पहिली भेट एकदाच होते.

मग सांगायचं काय? सिनेमा सुरुवातीला स्वतःहून जेवढं सांगतो तेवढंच. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (२०१५) मी असा सांगते: "वडील गेलेत, आईची बदली झालीय, म्हणून अकरा वर्षांचा चिन्मय कोकणातल्या लहान गावात येतो. नवी शाळा, नवी मुलं, आणि पाऊस." इथे थांबायचं. किल्ल्यात काय होतं, ते कितीही खोदून विचारलं तरी नाही. पुरस्कारांवर भरवसा ठेवणाऱ्या माझ्या दिराला मी वेगळं सांगितलं: सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीनंही गौरवलाय. तेवढ्यावर तो बसला.

बाकीच्यांना मात्र 'तुलाच का' ते सांगावं लागतं. माझ्या मावसबहिणीची पेडण्याहून काणकोणला बदली झाली होती, लेक शाळेत जाणारा. तिला म्हटलं, "यातली आई ऑफिसातून घरी येते ना, तेव्हा अमृता सुभाषचा चेहरा बघ." बस्स. ट्रेलर पाठवला नाही. त्यात पुष्कळदा नको तेवढं दाखवून टाकतात.

एका बाबतीत मात्र लपवाछपवी करू नये. शेजारच्या वहिनींचे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांना मी वडील गेल्याचं मुद्दाम आधी सांगितलं. ते सिनेमा सुरू व्हायच्या आधीच घडलेलं असतं, त्यानं गोष्ट फुटत नाही. आणि न सांगता त्यांना मुलांसोबत तिथे बसवणं मला जमलं नसतं. "सध्या नको गो," त्या म्हणाल्या. मी पुन्हा विषय काढला नाही.

मावसबहिणीचा फोन रात्री अकराला आला. बराच वेळ गप्पच होती. मीही काही विचारलं नाही. मग म्हणाली, "पाऊस अगदी आपल्याकडचाच गो."