शेवटचा आकडा एजंटला सांगू नका

घर विकायला काढलं की एजंट लवकरच विचारतो, ‘शेवटी कितीला सोडाल?’ तो आकडा स्वतःजवळच ठेवा. एजंट लबाड असतो म्हणून नव्हे, त्याचं आणि तुमचं गणित वेगळं असतं म्हणून. समजा, दलाली 2 टक्के आहे आणि 100 ला जाऊ शकणारं घर 95 ला गेलं. तुमचे 5 बुडाले, त्याचे फक्त 0.10. त्यामुळे भाव ताणून धरण्यापेक्षा व्यवहार लवकर उरकणं त्याला परवडतं. घेणाऱ्यानेही कमाल बजेट सांगू नये; किंमत चढली की दलालीही चढते.

दलाली एका बाजूकडून घेणार की दोन्हीकडून, हे आधीच विचारा. दोन्हीकडून घेणारा तुमच्यासाठी जोर लावून घासाघीस करेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

दलाली किती, कधी द्यायची आणि व्यवहार मोडला तर काय, हे लेखी घ्या. माझ्या मते यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच बोलायचं राहतं.

घराबद्दल मात्र त्याच्यापासून काही लपवू नका. गळती, थकलेलं कर्ज, भावंडांचा हिस्सा, सगळं सांगा. हे टोकन घेतल्यावर उघड झालं, तर गिऱ्हाईक माघार घेतं.