एकांकिका आणि एकपात्री: बघताना-वाचताना या चुका टाळा

‘छान होतं, पण अर्धवटच वाटलं.’ छोटं नाटक बघून बाहेर पडताना हे वाक्य हमखास कानावर येतं. कधी कधी ते खरंही असतं, अर्धीकच्ची एकांकिका रंगमंचावर येतेच. पण पुष्कळदा नाटक पुरं झालेलं असतं आणि आपण भलत्याच गोष्टीची वाट बघत बसलेलो असतो. दोन अंकी नाटकाला माणसांची ओळखपाळख करून द्यायला वेळ असतो, पंधरा मिनिटांच्या नाटकाला तो नसतो. तिथे पडदा उघडतो तेव्हा भांडण पेटलेलं असतं, कुणीतरी घर सोडून गेलेलं असतं, निर्णय होऊन गेलेला असतो. म्हणून ‘पुढे काय होणार’ यापेक्षा ‘हा माणूस हे आत्ताच का बोलतोय, आणि कुणाला’ हा प्रश्न जास्त कामाला येतो. खालच्या बहुतेक चुका तो न विचारल्यामुळे होतात.

शेवटच्या धक्क्याकडे डोळे लावून बसणं

एकांकिका म्हटली की शेवटी कलाटणी हवीच, अशी समजूत घट्ट बसली आहे. कलाटणीच्या उत्तम एकांकिका आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण धक्क्याची वाट बघणारा प्रेक्षक मधली मिनिटं नुसती ढकलत राहतो, आणि धक्का बसला नाही की हिरमुसतो. ब्रिटिश नाटककार कॅरिल चर्चिलचं ‘लव्ह अँड इन्फर्मेशन’ हे नाटक २०१२ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आलं. त्यात पन्नासहून जास्त प्रवेश आणि शंभरावर पात्रं आहेत, काही प्रवेश तर जेमतेम काही वाक्यांचे. संहितेत पात्रांना नावंही नाहीत. कुणाचं पुढे काय झालं ते नाटक सांगत नाही. प्रत्येक तुकड्यात बघायचं ते एवढंच, की कुणाला काय माहीत आहे, कुणाला ते सांगायचंय किंवा लपवायचंय, आणि प्रवेश संपेपर्यंत त्या माणसांमधलं काय हललं.

छोटं नाटक पाहून झाल्यावर त्याची गोष्ट सांगण्याच्या फंदात पडूच नका. सुरुवातीला वरचढ कोण होतं आणि शेवटी कोण, एवढं सांगता येतं का बघा. येत नसेल तर पारडं कुठल्या वाक्याला फिरलं ते आठवा. बहुतेक वेळा ते एखादं अगदी साधं, मध्येच येऊन गेलेलं वाक्य निघतं.

बोलणाऱ्याचं सगळं खरं धरणं

एकपात्रीत समोर एकच माणूस, तोही बऱ्याचदा थेट आपल्याकडे बघून बोलणारा. आपण लगेच त्याच्या बाजूचे होतो. लेखकाला नेमकं तेच हवं असतं.

इंग्लिश नाटककार ॲलन बेनेटची ‘टॉकिंग हेड्स’ ही एकपात्रींची मालिका १९८८ साली बीबीसीवर आली. त्यातली एक बाई सतत तक्रारीची पत्रं लिहिते. पॅट्रिशिया राउटलेजने ती भूमिका केली होती. समोरच्या घरातलं जोडपं आपल्या लहान मुलाची हेळसांड करतंय, अशी या बाईची खात्री आहे. तिचा स्वर सभ्य, नीटनेटका, जगाची काळजी वाहणारा. नंतर कळतं की ते मूल हॉस्पिटलमध्ये होतं आणि ल्युकेमियाने गेलं. बाईने आपल्याला काही खोटं सांगितलेलं नसतं, जे दिसलं ते तिने सांगितलं. त्या दिसण्यातच तिचं एकटेपण आणि तिचा आगाऊपणा दोन्ही होते, फक्त तिचं तिला ते कळत नव्हतं. मला बेनेट इथे आवडतो तो तिला खलनायिका न केल्याबद्दल. शेवटी त्या पत्रांपायीच ती तुरुंगात जाते, आणि तिथेच खूश होते!

मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? पात्र कुणी न विचारता खुलासा द्यायला लागलं की कान टवकारावेत. ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’ हे वाक्य आरोप होण्याआधीच आलं, तर आरोप कुठेतरी आहे. एखाद्या माणसाचं नाव येतं आणि विषय पटकन बदलतो, असं दोनदा झालं तर नाटक त्या नावाभोवती उभं आहे असं समजायला हरकत नाही.

याच चुकीचा जुळा भाऊ म्हणजे पात्राची मतं लेखकाच्या माथी मारणं. मोठ्या नाटकात विरोधी बाजू मांडायला दुसरी पात्रं असतात, म्हणून हा घोटाळा कमी होतो. एकपात्रीत ते काम आपल्यालाच करावं लागतं.

ऐकणाऱ्याला विसरणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एकच माणूस बोलतोय म्हणजे तिथे एकच माणूस आहे, असं नसतं. मराठी वाचकाला खरं तर हे नवं वाटायला नको. दिवाकरांनी १९११ पासून लिहिलेल्या नाट्यछटांत बोलणारा एक, पण समोर माणसं असतात. ती विचारतात, हसतात, येतात-जातात, आणि ते सगळं आपल्याला एकाच्याच तोंडून कळतं. नाट्यछटा घोकून, हातवारे बसवून म्हटली की समोरची ती माणसं गायब होतात आणि उरतं नुसतं भाषण.

एक तुकडा रचून बघू. रंगमंचावर एक बंद कपाट. कुलूप उघडायला आलेला कारागीर आपल्याकडे पाठ करून बसलाय, तो एक शब्दही बोलत नाही. घरातला माणूस बोलतो:

‘तोडू नका हं. वेळ लागला तरी चालेल, मला घाई नाही. चावी कुठे ठेवायचे ते बाबा कुणालाच सांगायचे नाहीत. (विराम) दुसरी एखादी चावी नाही का लागणार? नाही, हातोडी नको. म्हटलं ना, घाई नाही. असं करता का, उद्या याल? किंवा सोमवारी?’

भरभर वाचलं तर ही कुलूपवाल्याशी चाललेली किरकोळ बडबड आहे. आता कारागिराचे हात डोळ्यांसमोर आणा. ‘तोडू नका’ म्हणायची वेळ आली, कारण त्याने काहीतरी उचललं. विरामात तो बहुधा पहिली चावी लावून बघतोय, ती लागत नाही. मग हातोडी. म्हणजे या माणसाचं जवळपास प्रत्येक वाक्य समोरच्याच्या हालचालीला दिलेलं उत्तर आहे. आणि त्याला हवंय काय? कपाट उघडायला त्यानेच माणूस बोलावलाय आणि तोच ते उघडू देत नाहीये. वडील गेले, असं तो एकदाही म्हणत नाही. या ठिकाणी नटाने ‘बाबा’ म्हणताना गळा दाटून आणला तर तुकडा तिथेच मेला. ‘सोमवारी?’ हे जितकं व्यवहारी येईल तितकं ते लागेल.

एखादी एकपात्री वाचताना सपाट वाटली तर पेन्सिल घ्या. दोन वाक्यांच्या मधल्या जागेत समोरच्याने काय केलं असेल ते लिहा: ‘तो हसला’, ‘तिने घड्याळ बघितलं’, ‘फोनवर शांतता’. समोर कुणीच नसेल, तर हा कुणाला सांगतोय? प्रेक्षकाला, स्वतःला की गेलेल्या माणसाला? मध्येच तो रोख बदलतो का? बदलत असेल तर ती जागा दोनदा वाचा.

कागदावरच्या खुणा ओलांडून जाणं

आजचे नाटककार संहितेत बऱ्याच गोष्टी खुणांनी सांगतात, आणि कादंबरीच्या सवयीने वाचणारा नेमका त्यांवरून उडी मारतो. चर्चिलच्या संवादात मध्येच तिरकी रेघ येते. समोरच्याने तिथूनच बोलायला सुरुवात करायची, म्हणजे दोघं एकाच वेळी बोलतात. मार्टिन क्रिंपच्या १९९७ च्या ‘अटेम्प्ट्स ऑन हर लाइफ’मध्ये पात्रांच्या नावांऐवजी फक्त आडव्या रेघा आहेत, रेघ आली की बोलणारा बदलला. ते बोलणं किती जणांत वाटून घ्यायचं हे प्रयोग करणाऱ्यांनी ठरवायचं. सुझन-लोरी पार्क्स तर कधी कधी नुसती पात्रांची नावं एकाखाली एक लिहिते, पुढे संवादच नाही. छपाईची चूक वाटते. तिथे ती माणसं गप्प उभी आहेत आणि त्या गप्प राहण्यातच काहीतरी घडतंय.

उपाय एकच, मोठ्याने वाचा. तिरक्या रेघेसाठी सोबत कुणीतरी घ्या. विराम आला की खरंच थांबा, मनातल्या मनात पाच मोजा. अवघडल्यासारखं होईल, आणि ते व्हायलाच हवं.

आणखी थोडं

मोबाइलवर दिसणारे दोन-तीन मिनिटांचे ‘मोनोलॉग’ पुष्कळदा मोठ्या नाटकातून कापलेले असतात, ऑडिशनसाठी. ते ऐकून नाटककाराबद्दल मत बनवू नये. त्या भाषणाआधी तासभर काय घडलंय ते आपल्याला माहीत नसतं.

एकपात्री म्हणजे आवाज बदलून दहा माणसं उभी करणं, ही अपेक्षाही सगळीकडे चालत नाही. डेबी टकर ग्रीनच्या ‘रँडम’मध्ये (२००८) एकच अभिनेत्री अख्खं कुटुंब उभं करते, पण बेनेटची बाई शेवटपर्यंत फक्त स्वतःच असते. दोघींना एका मापाने मोजू नये. नसीम सुलेमानपूरच्या ‘व्हाइट रॅबिट रेड रॅबिट’ची (२०११) तर गोष्टच वेगळी. दर प्रयोगाला नवा नट, तालीम नाही, दिग्दर्शक नाही, आणि संहितेचं बंद पाकीट प्रेक्षकांसमोरच फोडायचं. तिथे नट अडखळला म्हणून गुण कापत बसलात तर नाटक हातचं गेलं.

आणि सलग खूप बघू-वाचू नका. पार्क्सने नोव्हेंबर २००२ पासून वर्षभर रोज एक नाटुकलं लिहिलं. त्यांचा संग्रह हातात आला की एका बैठकीत तीस वाचावीशी वाटतात, कारण एकेक पान-दोन पानांचंच असतं. मग सगळ्यांचा काला होतो. रोज एक-दोन पुरेत, आणि आवडलेलं दुसऱ्या दिवशी परत वाचावं. महोत्सवात लागोपाठ चार एकांकिका असतील तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये बाहेर जाऊन पाय मोकळे करून या, चर्चा चौथी संपल्यावर करता येते.