सोसायटीतच मुलांचं विज्ञान शिबिर कसं घ्यावं

एप्रिल संपत आला की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात, कुठला कॅम्प चांगला, फी किती, नेआण कोण करणार वगैरे. माझं म्हणणं असं की बारा-पंधरा मुलं, तीन-चार उत्साही आईबाबा आणि एक सावलीची जागा एवढं असेल तर विज्ञान शिबिर आपल्या बिल्डिंगमध्येच होतं आणि मस्त होतं. आम्ही पुण्यात काही वर्षं घेतोय, त्यातनं जे कळलं ते क्रमाने सांगते.

आधी आमची चूक सांगते म्हणजे तुमची व्हायची नाही. पहिल्या वर्षी आम्ही रोज सहा-सात प्रयोग ठेवले होते, सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी, आपोआप फुगणारा फुगा, काय काय, मोठ्यांनी करून दाखवायचं आणि मुलांनी टाळ्या वाजवायच्या, आणि आठवड्याने विचारलं की फुगा का फुगला तर कुणालाच सांगता येईना. येणार कसं, त्यांच्या हातात काही नव्हतंच. तेव्हापासून नियम केला: दिवसाला एकच गोष्ट, प्रत्येकाने स्वतः करायची, आणि चालली नाही तर का चालत नाही ते त्यानेच शोधायचं.

जागा, वेळ, मुलं

वेळ सकाळी 8 ते 10, त्यानंतर ऊन्हात मुलंही वैतागतात आणि मोठेही. क्लब हाउस नसेल तर पार्किंगमधली सावलीची बाजू चालते, फक्त त्या दोन तासांत गाड्यांची ये-जा बंद ठेवायला वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा. मुलं साधारण तिसरी ते सातवीची घ्या आणि तिघा-तिघांचे गट करा, प्रत्येक गटात एक मोठं मूल. पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. दिवस पाच पुरतात.

पालकांकडून एका कागदावर फोन नंबर आणि कुणाला कसली ॲलर्जी आहे ते लिहून घ्या. प्रथमोपचाराची पेटी आणि पिण्याचं पाणी जवळ ठेवा. भिंतीतल्या प्लगची वीज शिबिरात अजिबात वापरायची नाही, जे काही करायचं ते सेलवर. बटण सेल आणि ते चकचकीत छोटे जोरदार मॅग्नेट आणू नका, लहान भावंडं शिबिरात येऊन बसतात आणि अशी वस्तू गिळली तर फार गंभीर प्रकार होतो. त्याऐवजी जुन्या स्पीकरमधले काळे गोल मॅग्नेट घ्या, मोठे असतात.

सामान

महागडं किट घेऊ नका, मनापासून सांगते. किटमध्ये सगळं आधीच कापलेलं, मोजलेलं असतं, मग मुलाला विचार करायला काय उरतं? जुने स्पीकर भंगारवाल्याकडे मिळतात. तांब्याची वाइंडिंगची तार, 22 किंवा 24 गेजची, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते, पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला विजेचं बाकीचं सामान एका फेरीत होतं. सेफ्टी पिना, पॉलिश पेपर, पंक्चरवाल्याकडची फाटकी ट्यूब, बास.

कल्पना हव्या असतील तर अरविंद गुप्तांची वेबसाइट बघा, पुण्यातल्या आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं, 2018 ला पद्मश्री मिळाली, आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचा त्यांनी वेबसाइटवर खजिनाच मांडलाय, मराठीतली पुस्तकंही आहेत आणि सगळं फुकट. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून घनाकृती, पिरॅमिड करतात ते त्यांचंच.

पहिले दोन दिवस सोपे ठेवा

पहिल्या दिवशी हळदीचा कागद. थोड्या पाण्यात हळद कालवायची, जाड कागदाला फासायची, वाळवायची. मग साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून त्यावर चित्र काढायचं, लालभडक उमटतं, आणि लिंबू लावलं की परत पिवळं. हळदीचा डाग साबणाने धुताना लाल होतो हे प्रत्येक घरात दिसतं, पारंपरिक कुंकू हळद आणि चुन्यापासून करायचे तेही ह्याच गुणावर. घरून प्रत्येकाने तीन पातळ पदार्थ आणायचे, ताक, मिठाचं पाणी, कपड्यांच्या पावडरचं पाणी, काहीही, आणि आधी अंदाज लिहायचा मगच थेंब टाकायचा. आधी अंदाज, हे पाचही दिवस सोडू नका.

दुसऱ्या दिवशी माठ थंड का होतो ते. दोन सारख्या बाटल्या, सारखं नळाचं पाणी, एकीला ओलं सुती फडकं गुंडाळायचं, दोन्ही सावलीत पण वाऱ्याला ठेवायच्या आणि दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटरने बघायचं. थर्मामीटर प्रयोगशाळेतला लाल अल्कोहोलवाला घ्या, पाऱ्याचा नको. पुण्याच्या कोरड्या हवेत फरक चांगला दिसतो, मुंबईत किंवा रत्नागिरीत हवा दमट म्हणून कमी येतो. आमच्यातल्या एका मुलाने रत्नागिरीच्या आपल्या मावसभावाला फोन करून त्याच दिवशी हाच प्रयोग करायला लावला आणि दोघांचे आकडे शेजारी-शेजारी लिहिले, हे आम्ही कुणी सुचवलं नव्हतं!

तिसरा आणि चौथा दिवस: मोटर

हिला पूर्ण दोन दिवस द्या, घाई करू नका. मोठ्या सेलवर तारेचे दहा-बारा वेढे घ्यायचे, काढून घ्यायचे, दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढायची म्हणजे कडं आणि त्याला दोन पाय असं दिसतं. सेलच्या दोन्ही टोकांना एकेक सेफ्टी पिन ट्यूबच्या रबराने घट्ट बांधायची, सेलवर मॅग्नेट ठेवायचा, आणि कड्याचे पाय पिनांच्या भोकांत अडकवायचे.

आता खरी गंमत तारेवरच्या मुलाम्यात आहे. ती तार उघडी दिसली तरी तिच्यावर वीज अडवणारा पातळ थर असतो. एक पाय चारही बाजूंनी पॉलिश पेपरने घासायचा, तांबं चकाकेपर्यंत. दुसऱ्या पायाला मात्र कडं उभं धरायचं, पाय टेबलाच्या कडेला टेकवायचा आणि फक्त वरची बाजू घासायची, खालच्या अर्ध्या भागाला हात लावायचा नाही. का, तर अर्ध्या फेरीत वीज जाते आणि मॅग्नेटमुळे कड्याला ढकल मिळते, उरलेल्या अर्ध्या फेरीत वीज बंद, कडं आपल्या वेगाने पुढे जातं आणि पुन्हा ढकल मिळते. दोन्ही पाय पूर्ण घासले की ती ढकल अर्ध्या वाटेवर उलटी होते, कडं नुसतं थरथरतं आणि थांबतं.

पण हे आधी सांगू नका प्लीज. निम्म्या मुलांकडून दोन्ही पाय पूर्ण घासले जातात, जाऊ द्या. मग चालणारी आणि थरथरणारी मोटर शेजारी ठेवून विचारा, फरक काय दिसतो? गेल्या वर्षी चौथीतली एक मुलगी दीड दिवस बसली होती, पाय बरोबर घासलेले, मॅग्नेट बरोबर, तरी कडं हलेना, तिची आई दोनदा पुढे आली आणि आम्ही दोनदा मागे घेतली. शेवटी तिने स्वतःच पिन बोटाने दाबून बघितली तर कडं भिरभिरायला लागलं, रबर सैल होतं एवढंच. तिने रबराला आणखी दोन वेढे दिले आणि काही न बोलता शेजारच्या मुलाची पिन दाबून बघायला गेली. मला विचाराल तर सगळ्या शिबिरात बघण्यासारखं हेच असतं, म्हणून मोठ्यांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं.

एक काळजी घ्या, कडं थांबलं की लगेच काढून ठेवायला सांगा, नाहीतर तार आणि सेल तापतात.

शून्य सावली सोडू नका

महाराष्ट्रात मे महिन्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावलीच दिसत नाही. कोल्हापूरला साधारण 6-7 मे, पुण्यात 13-14, मुंबईत 15-16, नागपूरला 26 च्या आसपास. शिबिराच्या तारखा त्यावर बेतता आल्या तर बेताच, दिल्लीतल्या मुलांना आपल्या गावात हे कधीच दिसत नाही कारण कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य थेट माथ्यावर येतच नाही. पुण्यात ती वेळ साडेबाराच्या आसपास असते, म्हणून त्या दिवशी फक्त 12:15 ते 12:45 मुलांना गच्चीवर न्या, डोक्यावर टोपी, पायात चप्पल, आणि वर सूर्याकडे बघायचं नाही हे बजावून. पाइपचा तुकडा उभा ठेवायचा, सरळ आहे का ते गवंड्याच्या ओळंब्याने तपासायचं, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करायची. ढग आले तर आदल्या किंवा दुसऱ्या दिवशीही सावली अगदी नावालाच असते, बघून घ्या.

शेवटचा दिवस

पालकांना बोलवा, पण स्टेज, माइक, सर्टिफिकेट काही नको. मुलं आपापल्या वस्तू घेऊन खाली सतरंजीवर बसतात आणि पालक त्यांच्यासमोर. पालकांनी फक्त विचारायचं, वस्तू हातात घ्यायची असेल तर मुलाची परवानगी घेऊन. जाताना प्रत्येक मुलाला मीटरभर तार, पॉलिश पेपरचा तुकडा आणि दोन सेफ्टी पिना पिशवीत घालून द्या. सेल देऊ नका, तो नाक्यावरच्या दुकानातून त्यालाच आणू दे.