बीपी वाढलं, बाळ लवकर आलं : गरोदरपणात आणि एनआयसीयूत काय काय करायचं

माझी लेक ३२ व्या आठवड्यात झाली, वजन १ किलो ३८० ग्रॅम. आता सहा वर्षांची आहे, दिवसभर घरात तिचाच आवाज असतो. परवा माझ्या चुलत नणंदेचा फोन आला, तिला सातवा लागलाय आणि बीपी वर गेलंय, रडत होती बिचारी. तिला सांगता सांगता वाटलं की हे सगळं मला त्या वेळी कुणीतरी असं बसून सांगायला हवं होतं, म्हणून लिहून काढतेय.

आधी लक्षणांचं बोलू, कारण माझं तिथेच चुकलं. वाईला माहेरी आले होते, डोहाळजेवणाला चार दिवस होते आणि आईबरोबर कासाराकडे हिरव्या बांगड्या भरायला गेले. माझं माप कायम सव्वादोन, त्या दिवशी अडीचची पण चढेना, साबण लावून बघितला तरी नाही. कासारीण माझा हात हातात घेऊन दाबत बसली आणि म्हणाली, ताई हे अंग भरणं नाही, ही सूज आहे, बोट ठेवलं की खड्डा पडतोय बघा, डॉक्टरला दाखवा. खरंतर पंधरा दिवसांपूर्वीच मी ज्या दवाखान्यात दाखवत होते तिथे १४४/९२ आलं होतं, पण ताण घेऊ नका, मीठ कमी करा एवढंच सांगून घरी पाठवलं, युरीन तपासलीच नाही, आणि मीही विचारलं नाही.

तर पहिली गोष्ट, विचारा. वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर आलं की थोड्या वेळाने परत मोजायला लावा, परत तेवढंच आलं तर लघवीतलं प्रोटीन आणि रक्ताची तपासणी (प्लेटलेट, लिव्हर, किडनी) करायचीय का हे तोंडाने विचारा. बीपीसोबत या तपासण्यांतही बिघाड निघाला तर त्याला प्रीएक्लेम्प्सिया म्हणतात, वारेतल्या रक्तवाहिन्या नीट तयार झालेल्या नसतात आणि त्याचा त्रास आईच्या सगळ्या अंगाला होतो. तुम्ही काही खाल्लं किंवा चिडचिड केली म्हणून हे होत नाही, हे घरातल्यांनाही सांगा. मी कितीतरी दिवस स्वतःलाच दोष देत होते.

घरी मशीन आणा, दंडाला पट्टा लावायचं आणा, मनगटाचं नको. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख वेळ घालून वहीत लिहा. माझी वही म्हणजे दुधाच्या हिशोबाची जुनी वही होती, पण साताऱ्याच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी तीच मागितली, फाईल नंतर बघितली.

आता रात्र आहे, उगाच कुणाला त्रास, सकाळी बघू, असं म्हणायचं नाही अशा गोष्टी सांगते. गोळी घेऊनही न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणं, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं (मला वाटलं पित्त, मी आलं-लिंबू घेत बसले), धाप लागणं, चेहरा आणि हात एकदम सुजणं, बीपी १६०/११० किंवा वर. यातलं काहीही झालं की लगेच निघा. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर डाव्या कुशीवर पडून मोजा, दोन तासांत दहा वेळा जाणवली नाही तर त्याच दिवशी दवाखाना. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, आम्ही तेच केलं, वाईहून साताऱ्याला जाताना आई पूर्ण रस्ताभर माझे पाय धरून बसली होती. जाताना फक्त फाईल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार, ती वही आणि चार्जर घ्या, बाकी कपडे मागून येतात. आणि निघायच्या आधी फोन करून विचारा की तिथे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे का, बेड आहे का, नाहीतर बाळ एका गावात आणि आई दुसऱ्या गावात असं होतं. सरकारी दवाखान्यात त्याला एसएनसीयू म्हणतात आणि तिथे आई आणि आजारी नवजात बाळ दोघांचेही उपचार मोफत असतात, पैशाच्या काळजीने थांबू नका.

ॲडमिट झाल्यावर मला बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम, ते जाताना अंगात गरम पाणी ओतल्यासारखं होतं, घाबरू नका पण सिस्टरना सांगा. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून स्टेरॉइडची चार इंजेक्शनं दिली, दर बारा तासांनी एक. स्टेरॉइड शब्द ऐकून सासूबाई नको म्हणत होत्या, डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं की यानेच बाळाला श्वास घेता येईल. दोन दिवस कसेबसे निघाले, तिसऱ्या दिवशी प्लेटलेट उतरायला लागल्या आणि सिझर झालं. तिचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा आला, एकदाच, आणि तिला घेऊन गेले. मी तिला बघितलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, व्हीलचेअरवरून, नाकाला सीपॅपची (श्वासाला मदत म्हणून दाबाने हवा देणारी) नळी, डोक्याला टोपी, आणि तिचं अख्खं पाऊल माझ्या अंगठ्याएवढं.

यापुढचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे आईला वाटतं की आपल्या हातात काहीच नाही, आणि ते खरं नाही.

दूध. बाळ जवळ नसलं तरी पहिल्या काही तासांतच हाताने काढायला सुरुवात करा. मला पहिल्या दिवशी सिरिंजमध्ये जेमतेम अर्धा एमएल चीक निघाला, पिवळाजर्द, मी रडले की एवढंसं काय देऊ, पण सिस्टरने तो थेंबन् थेंब तिच्या गालाच्या आत लावला. चोवीस तासांत आठ वेळा काढायचं, रात्री एकदा तरी, गजर लावून. पाचव्या दिवसापर्यंत माझं वाटीभर व्हायला लागलं. डब्यावर नाव, तारीख, वेळ लिहा, फ्रिजमधलं २४ तासांत वापरा असं आम्हाला सांगायचे. आधी नळीने दोन-दोन एमएल, मग चौतीस आठवड्यांच्या आसपास बोंडल्याने. हो, आपलं आजीच्या काळातलं, चोचीच्या वाटीसारखं बोंडलंच, स्टीलचं घ्या, प्रत्येक वेळी उकळा. बाटली नको.

कांगारू केअर. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी, आपल्या उघड्या छातीवर उभं, बेडकासारखे पाय, मान एका बाजूला, वरून कापड बांधायचं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं आणि आज जगभर करतात. दिवसाला आठ तास तरी करा, जास्त झालं तर उत्तमच. मी दमले की हे बसायचे शर्ट काढून, आणि हे बसले की तिचा ऑक्सिजनचा आकडा सुद्धा स्थिर व्हायचा, आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसायचो. हात कोपरापर्यंत धुवा, अंगठ्या-बांगड्या काढा, नखं कापा.

वजन पहिल्या आठवड्यात उतरतं. तिचं १२६० झालं होतं आणि मला वाटलं संपलं सगळं. नंतर रोज वीस-पंचवीस ग्रॅम चढलं. सत्ताविसाव्या दिवशी १८१० ला घरी सोडलं.

डिस्चार्जच्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख आहे का ते बघाच. लवकर झालेल्या बाळांच्या पडद्याला त्रास होऊ शकतो, आरओपी म्हणतात, २००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून महिन्याच्या आत पहिली तपासणी झाली पाहिजे. ही तारीख बारशासाठी सुद्धा पुढे ढकलू नका, वेळ गेली तर नजर जाऊ शकते. कानांची तपासणीही करून घ्या.

घरी आल्यावर धुरी नको, शेगडी नको, गुटी-मध-काजळ नको, मालिश डॉक्टर हो म्हणतील तेव्हा. सासूबाईंना वाईट वाटलं, त्यांच्या चार मुलांना धुरी दिली होती. मी म्हटलं, अहो आई, तिची फुप्फुसं अजून नाजूक आहेत, तुम्ही तिला छातीशी धरून बसा, ते मालिशपेक्षा मोठं काम आहे. त्या बसल्या, रोज दुपारी, पदराखाली घेऊन. बारसं आम्ही तीन महिन्यांनी केलं आणि कुणाला मुका घेऊ दिला नाही, नाराज झालेले नंतर झाले ठीक.

लसी जन्मतारखेप्रमाणे, पण बसणं, रांगणं, बोलणं मोजताना लवकर आलेले आठवडे वजा करा. आमची आठ आठवडे आधी आली, म्हणून ती आठ महिन्यांची असताना मी तिला सहा महिन्यांची धरायचे, आणि शेजारच्या बाळाशी तुलना बंद केली.

आणि स्वतःला विसरू नका. बाळंतपणानंतरही सहा आठवडे बीपी वर जाऊ शकतं, माझं दहाव्या दिवशी १५८/१०० झालं होतं आणि मी बाळाच्या धावपळीत दोन दिवस गोळीच घेतली नव्हती. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, डोकं दुखलं तर झोप नाही म्हणून असेल असं धरून बसू नका. पुढे दरवर्षी बीपी आणि साखर तपासायची, कारण ज्यांना हे झालं त्यांना पुढे बीपीचा आणि हृदयाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. दुसरं बाळ हवं असेल तर दिवस राहिल्या राहिल्या डॉक्टरांना हे सगळं सांगा, बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन देतात, ती सोळाव्याच्या आत सुरू झालेली बरी, पण स्वतःच्या मनाने घेऊ नका.

नणंदेला मी काल माझं मशीन कुरिअरने पाठवलं, आणि सोबत एक कोरी वही.